मनोऱ्यावरची चोवीस माणसे

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील इमारतीचा राजाबाई टॉवर ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. मात्र या मनोऱ्यावर दगडाची चोवीस माणसे उभी आहेत, हे जाणणारे त्याहूनही विरळ. पाहणाऱ्याची नजर सहसा घड्याळाशीच थांबते. मनोऱ्याच्या वरच्या भागात, कोनाड्यांत आणि शिखरांवर या मानवाकृती आहेत. त्या देवतांच्या नाहीत, संतांच्या नाहीत, विद्वानांच्याही नाहीत. पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातींचे नमुने म्हणून त्या घडवल्या गेल्या. विद्येच्या मंदिरावर जातींचे प्रदर्शन मांडण्याचा हा प्रकार आम्हांला प्रथम केवळ गमतीचा वाटला होता. पुढे मात्र तो आमच्या शिरूर-दौंड भागाच्या इतिहासाशी जाऊन भिडला.

आधी इमारतीविषयी. तिचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने इंग्लंडमध्ये बसून काढले. तो मुंबईला कधी आलाच नाही. मनोऱ्याची पायाभरणी १८६९ च्या मार्चमध्ये झाली आणि काम १८७८ च्या नोव्हेंबरात पुरे झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये स्कॉट निवर्तला होता. शेजारच्या पदवीदान सभागृहातही अशीच एक गंमत आहे. तेथील सुमारे वीस फूट व्यासाच्या चक्राकार गवाक्षात रंगीत काचांमध्ये बारा राशी बसवल्या आहेत. पदार्थविज्ञानाचे पदवीधरही मेष-वृषभ-मिथुनाच्या साक्षीने पदवी घेऊन बाहेर पडत! युरोपातील गॉथिक चर्चमध्ये राशिचक्र असते, तसे ते येथेही आले. त्या चर्चच्या दर्शनी भागावर संतांच्या आणि राजांच्या मूर्तींच्या रांगा असतात. मुंबईत ती जागा जातींना मिळाली.

हे पुतळे घडवण्याचे श्रेय रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याकडे जाते. कल्पना साहेबाची की त्यांची, या वादात न शिरता एवढे म्हणता येईल, की ती त्या काळाच्या हवेतलीच होती. विल्यम जॉन्सनचे मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये निघाले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा सरकारी चित्रसंग्रह १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाला. पहिली शिरगणती १८७१-७२ च्या सुमारास झाली. पागोटे, अंगरखा आणि चेहऱ्याची ठेवण यांवरून माणूस ओळखायचा, त्याला एका खान्यात बसवायचे आणि खान्याला नाव द्यायचे, ही त्या ज्ञानाची रीत होती. मनोऱ्यावर तीच रीत दगडात उतरली. पुतळ्यांना जाती मिळाल्या, नावे मात्र मिळाली नाहीत.

आता पैशाविषयी. मनोऱ्यासाठी दोन लाख आणि ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये देऊ केले. राजाबाई हे त्यांच्या मातोश्रींचे नाव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाची गरज पडली होती. त्या भरभराटीतून आणि तिच्यावर पोसलेल्या शेअरबाजारातून हा पैसा उभा राहिला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. देणगी मात्र टिकली आणि मनोरा उभा राहिला.

कापसाच्या याच तेजीत दख्खनच्या रयतेला सावकारांकडून सढळ हाताने कर्ज मिळू लागले होते. तेजी सरली तशी पत आटली, काही तालुक्यांत सरकारने साराही वाढवला. या कारणांपैकी कोणते किती महत्त्वाचे, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, परिणामाविषयी नाहीत. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावाने काळूराम नावाच्या सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकाने लुटली गेली, कर्जरोखे जाळले गेले आणि तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. करडे आणि भीमाकाठचे वडगाव रासाई ही एकाच तालुक्यातील गावे आहेत. मुंबईत मनोऱ्याचे दगड चढत होते त्याच वर्षांत इकडे रोखे जळत होते, आणि पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला. दख्खनच्या दंग्यांवरील आयोगाचा अहवाल ब्रिटिश संसदेपुढे आला तेही वर्ष १८७८, म्हणजे मनोरा पुरा झाला तेच.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे पुतळ्यांकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलते. वर मनोऱ्यावर पश्चिम भारताची ‘जनता’ होती. खालच्या ग्रंथालयात मात्र त्या जनतेतील फारच थोड्यांची मुले पोचत होती. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमकी हीच तक्रार मांडली: महसूल कष्टकरी रयतेकडून गोळा होतो आणि शिक्षणाचा लाभ वरिष्ठ वर्गांनाच मिळतो. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन होईपर्यंत पुण्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या मुलाला पदवी हवी असती, तर ती याच मनोऱ्याच्या विद्यापीठाची.

तरीही या वास्तूचा इतिहास पुतळ्यांपाशी संपत नाही. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे होते. दंग्यांच्या काळात रयतेच्या बाजूने अभ्यास करून बोलणारी सार्वजनिक सभा त्यांच्याच विचाराने चालत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. १९१२ मध्ये भीमराव आंबेडकर येथूनच बी. ए. झाले. ज्यांना एकेका खान्यात उभे केले होते त्यांच्यापैकी एक खाली उतरून दारातून आत आला, आणि पुढे त्याने त्या खान्यांचाच हिशेब मागितला.

२०१५ मध्ये मनोऱ्याची दुरुस्ती पुरी झाली आणि २०१८ मध्ये तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. पुतळे जपायलाच हवेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र ते दाखवताना वाटाड्याने स्कॉटसाहेब आणि प्रेमचंद यांच्याबरोबर करडे आणि सुपे ही नावेही घ्यावीत. जळालेले रोखे कोणत्याही संग्रहालयात मिळणार नाहीत. त्यांची आठवण ठेवण्याचे काम शेवटी आपल्यालाच करायचे आहे.