फुफ्फुसातील कोलॅजन : मद्रासपासून दोह्यापर्यंत

कोलॅजन हे मानवी शरीरात सर्वाधिक आढळणारे प्रथिन होय. अस्थी व त्वचेप्रमाणेच फुफ्फुसाची चौकटही त्याच्या तंतूंवर उभी असते. त्याच्या रेणूची तीनपदरी वेणीसारखी रचना मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली मांडली. त्यासाठीचे नमुने शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून मिळाले होते, हा योगायोग कातडी कमावण्याच्या व्यवसायाला अभिमानास्पद म्हणावा लागेल.

फुफ्फुसाला वारंवार इजा झाली की तंतुजनक पेशी कोलॅजन विणू लागतात. जखम भरून आल्यावरही हे विणकाम थांबले नाही, तर वायुकोशांच्या भिंती जाड व ताठ होतात आणि रक्तात प्राणवायू पोचणे कठीण होते. हाच फायब्रोसिस.

येथे प्रयोगशाळेपुढील खरा पेच सुरू होतो. कोलॅजन वाढते, की त्याची घडणच बदलते? अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रोनाल्ड क्रिस्टल यांच्या गटाने १९८० साली रुग्णांच्या फुफ्फुसांतील कोलॅजनचे प्रमाण मोजले, तेव्हा ते अपेक्षेप्रमाणे वाढलेले आढळले नाही. मेक्सिकोतील संशोधकांना १९८६ साली मात्र वाढ दिसली. २०१८ साली साउदॅम्प्टनच्या गटाने ताठरपणाचे मूळ प्रमाणापेक्षा तंतूंच्या रचनेत व त्यांना परस्परांशी बांधणाऱ्या आडव्या सांध्यांत असल्याचे दाखविले. हे सांधे घडविणाऱ्या लॉक्सएल-२ या विकराविरुद्धचे सिमटुझुमॅब हे औषध त्याआधीच रुग्णांवरील चाचणीत निष्फळ ठरले होते. ब्लिओमायसिन दिलेल्या उंदरांवरील निष्कर्षही जपूनच घ्यावे लागतात, कारण त्यांचा फायब्रोसिस बहुधा आपोआप ओसरतो. माणसाचा ओसरत नाही. २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पिर्फेनिडोन व निंटेडॅनिब ही औषधे ऱ्हास मंदावतात, पण झालेले नुकसान भरून काढीत नाहीत.

पुढे न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात गेलेले क्रिस्टल दोह्याच्या एज्युकेशन सिटीतील त्याच्या शाखेसोबत कतारी लोकसंख्येच्या जनुकीय अभ्यासात सहभागी झाले. परंतु आखाती देशांत राबणाऱ्या कामगारांचा धोका जनुकांपेक्षा धुळीत अधिक आहे. काँक्रीट आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कोरडा कापताना उडणारी सिलिका फुफ्फुसात तंतूंच्या गाठी निर्माण करते. ऑस्ट्रेलियाने अशा दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली.

भारतात कारण कित्येकदा घरातच असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदणीत फुफ्फुसाच्या अशा विकारांच्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना श्वासावाटे जाणाऱ्या कणांवरील अतिप्रतिक्रियेतून आजार जडलेला आढळला. त्यांतील निम्म्याजवळ रुग्णांचा एअर कूलरशी संबंध होता. विदर्भात आई-वडील राहत असलेल्यांनी कूलरच्या ओल्या, बुरसटलेल्या जाळीकडे त्या दृष्टीने पाहावे आणि कोरडा खोकला महिनोन्‌महिने टिकला, तर डॉक्टरांना कूलरविषयी आवर्जून सांगावे.