जुना स्विमिंग पूल स्वतः दुरुस्त करून कसा रंगवायचा?

बंगल्याच्या आवारातला किंवा फार्महाऊसवरचा सिमेंटचा पोहण्याचा तलाव काही वर्षांनी जुना दिसू लागतो. निळा रंग फिका पडतो, हाताला पांढरी पूड लागते, पापुद्रे सुटतात. किरकोळ दुरुस्ती आणि रंगकाम स्वतः करता येते. मात्र नवा रंग वर्षभरात सुटला, तर दोष बहुधा रंगाचा नसतो. तो खालच्या ओल्या, मळक्या किंवा पोकळ पृष्ठभागाचा असतो. पुढील माहिती प्लास्टरवर रंग दिलेल्या तलावांसाठी आहे. टाइल्स आणि फायबरच्या तलावांची पद्धत वेगळी असते.

गळती की बाष्पीभवन?

तलावाचेच पाणी बादलीत भरून ती पायरीवर अर्धी बुडेल अशी ठेवावी. बादलीतल्या आणि तलावातल्या पाण्याच्या पातळीवर खुणा करून पंप 24 तास बंद ठेवावा. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या तर ते बाष्पीभवन. तलावाची पातळी जास्त उतरली तर गळती आहे.

पाणी कधी काढावे?

पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे तलाव रिकामा करू नये. त्या काळात जमिनीतले पाणी वर आलेले असते आणि ते तळाला खालून रेटते. आत पाण्याचे वजन नसेल तर तळ तडकू शकतो, क्वचित अख्खा तलाव होडीसारखा वर उचलला जातो. दिवाळीनंतर पाणी ओसरले की फेब्रुवारीपर्यंतचे कोरडे दिवस सोयीचे.

20 बाय 10 फुटांच्या आणि सरासरी 4 फूट खोल तलावात सुमारे 22,600 लिटर पाणी असते, म्हणजे 10,000 लिटरचे दोन टँकर भरूनही उरेल इतके. त्यामुळे एखादीच बारीक भेग असेल तर पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी वापरून पाहावी. तलाव रिकामा करायचाच असेल तर काही दिवस आधी क्लोरीन टाकणे थांबवावे.

भेगा आणि पोकळ प्लास्टर

तळ आणि भिंती हातोडीने हलक्या ठोकाव्यात. बद्द आवाज येतो तिथले प्लास्टर सुटलेले असते, ते काढून नवे करावे. बारीक भेग व्ही आकारात रुंद करावी, धूळ झाडावी आणि पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरावी. नव्या सिमेंट प्लास्टरला रंगाआधी साधारण 28 दिवस द्यावेत. भेग वाढत असेल, तिच्यातून गंजाचे डाग येत असतील किंवा तळ खचला असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

जुना रंग ओळखा

चिंधी स्पिरिटमध्ये बुडवून रंगावर घासावी. रंग सुटला तर तो बहुधा ॲक्रिलिक. स्पिरिटने न सुटता झायलीन थिनरने सुटला तर क्लोरिनेटेड रबर. दोन्हींनी सुटला नाही तर इपॉक्सी. इपॉक्सी जास्त टिकतो, पण रबर किंवा ॲक्रिलिक रंगावर तो धरत नाही. तो द्यायचा असेल तर जुना रंग पूर्ण खरवडून काढावा लागतो.

धुणे आणि सुकवणे

सुटे पापुद्रे खरवडून तेलकटपणा डिटर्जंटने काढावा. उघडे प्लास्टर सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतात. ॲसिड नेहमी पाण्यात ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा तलावाचे क्लोरीन एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो. हातमोजे, गॉगल आणि गमबूट आवश्यक आहेत. शेवटी धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून भरपूर पाण्याने धुवावे.

तलाव सुकल्यावर दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने तळाला चिकटवावा. 24 तासांनी आत थेंब दिसले तर ओल शिल्लक आहे, रंग थांबवावा.

रंगकाम

वरील मापाच्या तलावात तळाचे 200 आणि भिंतींचे 240, असे 440 चौरस फूट भरतात. डब्यावरचा प्रति लिटर चौरस फुटांचा आकडा पाहून दोन हातांचा रंग घ्यावा. कडक उन्हात रंग देऊ नये. दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेतच द्यावा. पायऱ्यांवर आणि उथळ भागात रंगात बारीक वाळू मिसळल्यास पाय घसरत नाही.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खोल बाजूला साचते. तिथे एकट्याने काम करू नये, पंखा लावावा, सेंद्रिय वाफेसाठीचा फिल्टर मास्क वापरावा आणि विडी-सिगारेट दूर ठेवावी. साध्या कापडी मास्कने वाफ अडत नाही. रिकामा तलाव मुलांसाठी धोक्याचा असतो, म्हणून भोवती अडथळा लावावा.

शेवटच्या हातानंतर डब्यावर सांगितलेले दिवस, इपॉक्सीसाठी साधारण सात, थांबूनच पाणी भरावे.