उटण्यापासून घरगुती साबणापर्यंत : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
त्वचेच्या प्रकारानुसार घरीच साबण तयार करावा, याविषयी नागरी मध्यमवर्गात आज आकर्षण दिसते. अशा साबणाकडे पूर्वापार परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणून पाहिले जाते. परंतु मराठी घरातील परंपरा साबणाची नसून उटण्याची होती. हा भेद लक्षात न घेतल्यास साबणाची कृती निवडताना चूक संभवते. ठाणे व कल्याण-डोंबिवली या पट्ट्याच्या संदर्भात या स्थित्यंतराचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

उटण्याची परंपरा :
वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथातील दिनचर्या अध्यायात अभ्यंग आणि उद्वर्तन यांचा विचार आढळतो. उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग चोळणे. ते कफ व मेद कमी करणारे मानले आहे. मराठी घरांत नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात ही परंपरा टिकून राहिली. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा, वाळा, संत्र्याची साल, मसूर डाळीचे वा हरभऱ्याचे पीठ हे तिचे घटक होत. रुक्ष त्वचेसाठी त्यात साय, तेलकट त्वचेसाठी मुलतानी माती व गुलाबपाणी, तर तान्ह्या बाळासाठी डाळीचे पीठ व दूध, असा बदल घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया करीत. मिश्रण ऐनवेळी कालवले जात असल्याने ऋतू, वय व प्रकृती यांनुसार ते बदलता येई.

साबणाचे आगमन :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली व १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्यामुळे हा परिसर मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. १८८८ मध्ये 'सनलाइट' साबण कोलकात्याच्या बंदरात उतरला. विदेशी साबणातील प्राणिज चरबीमुळे अनेकांना तो निषिद्ध वाटे. ही अडचण ओळखून आर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात वनस्पती तेलापासून साबण तयार केला. पुढे टाटा ऑइल मिल्सचा 'मोती' साबण दिवाळीच्या स्नानाशी इतका निगडित झाला, की अनेक घरांत उटण्याचे स्थान नाममात्र उरले. वडीच्या रूपात आलेला साबण सर्वांसाठी सारखाच होता. निवडीचा अधिकार स्वयंपाकघरातून कारखान्याकडे गेला.

डोंबिवली आणि हळदीचा प्रश्न :
केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळ येथे स्थापन केलेल्या विको संस्थेचा एक कारखाना डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. हळद व चंदनाचे तेल यांवर आधारित तिचे त्वचेचे मलम हे औषध की सौंदर्यप्रसाधन, असा वाद उत्पादनशुल्क खात्याशी दीर्घकाळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने ते औषधी उत्पादन असल्याचा निर्णय दिला. घरातील हळदीचे गुण कोणी ठरवायचे, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयापर्यंत पोहोचल्याचे दिसते.

घरगुती साबणाची निवड :
उटणे हे मिश्रण आहे, तर साबण ही रासायनिक क्रिया आहे. तेल व कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण व ग्लिसरीन तयार होते. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हा प्रत्येक घरातील अनुभव आहे. अल्कधर्मी साबणात हळद मूळ स्वरूपात राहत नाही, याचा तो पुरावा होय. म्हणून त्वचेनुसार निवड करावयाची ती मुख्यतः तेलांच्या प्रमाणाची. खोबरेल तेलाने फेस व स्वच्छता वाढते. ते तेलकट त्वचेला मानवते, परंतु अधिक झाल्यास कोरडेपणा आणते. रुक्ष त्वचेसाठी खोबरेलाचे प्रमाण कमी ठेवून तीळ वा एरंडेल तेलाची जोड द्यावी आणि सुमारे ५ ते ८ टक्के तेल साबणात न बदलता शिल्लक राहील असे प्रमाण ठेवावे. नाजूक त्वचेसाठी सुगंध व रंग टाळणे हितावह ठरते. १०० ग्रॅम खोबरेलास सुमारे १८ ग्रॅम, तर तेवढ्याच एरंडेलास सुमारे १३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. त्यामुळे उटण्यासारखा चिमटीचा अंदाज येथे घातक ठरतो. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये. हातमोजे व चष्मा वापरावा. वड्या ४ ते ६ आठवडे सुकू द्याव्यात. तरीही साबणाचा सामू ९ ते १० असतो आणि त्वचेचा सुमारे ५. त्यामुळे इसब असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

कायद्याची चौकट :
औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६२ मध्ये आलेल्या सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबण वगळला होता. १९८२ च्या दुरुस्तीने हा अपवाद दूर झाला. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार विक्रीसाठी साबण तयार करण्यास परवाना आवश्यक आहे. घरापुरता साबण आणि शेजाऱ्यांस विकलेला साबण यांत कायद्याने अंतर आहे. त्वचारोग बरा करण्याचा दावा केल्यास तो साबण औषधाच्या कक्षेत जातो.

निष्कर्ष :
त्वचेनुसार निवड करण्याची दृष्टी जुनी आहे; घरी साबण तयार करण्याची कृती मात्र नवी आहे. उटण्याने दिलेला विवेक जपताना त्याला तराजूची व रसायनज्ञानाची जोड देणे आवश्यक ठरते. ज्यांना ही जोड शक्य नाही, त्यांच्यासाठी वाटीभर उटणे हीच आजही अधिक सुरक्षित व परंपरेला अधिक जवळची निवड आहे.