राखीव



परवा पुण्याहून सूनबाईचा फोन आला. सूर काळजीचा. नातीच्या प्रगतिपुस्तकावर तिच्या बाईंनी इंग्रजीत एकच शब्द लिहिलाय, 'रिझर्व्ड'. "आई, हे चांगलं की वाईट हो?" मी म्हटलं, "अगं, कमी बोलते, मनातलं चटकन बाहेर काढत नाही, एवढाच अर्थ. काही वाईट नाही."

फोन ठेवला खरा, पण शब्द काही डोक्यातून जाईना. याच शब्दाशी माझं एक जुनं देणं आहे.

मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली. नोकरीत मात्र इंग्रजीचे तास वाट्याला आले. आधी स्वतः शब्दकोश उघडायचा आणि मग वर्गात जायचं, असा सारा संसार! १९८४ चं साल असावं. फळ्यावर वाक्य लिहिलं, 'ही इज अ रिझर्व्ड मॅन'. विचारलं, रिझर्व्ड म्हणजे काय? जंगलाकाठच्या गावाहून येणारा एक मुलगा उभा राहिला. "बाई, राखीव." बरोबर होतं. मी पुढे विचारलं, मग राखीव माणूस म्हणजे कसा? तो म्हणाला, "त्याले हात लावला त दंड होते, असा."

सगळा वर्ग हसला. आणि खरं सांगते, मीही हसले.

पुढे कळलं की त्याच्या वडिलांनी कुंपणासाठी जंगलातून बांबू आणला होता. बंडी जप्त झाली, दंड भरावा लागला. त्या पोरानं हा शब्द कोशातून शिकला नव्हता, घरात शिकला होता.

आता थोडं या शब्दाबद्दल. मूळ लॅटिन. 'सर्वारे' म्हणजे राखणं आणि 'रे' म्हणजे मागे. मागे राखून ठेवलेलं ते रिझर्व्ड. आपलं 'राखीव' आलं संस्कृत 'रक्ष्' वरून. शेताची राखण, राखणदार, राखी, सगळी एकाच घरची मंडळी.

आमच्या चांदा भागात हा इंग्रजी शब्द रेल्वेच्या डब्यातून नाही, कायद्यातून आला. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलाचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. १९२७ च्या कायद्यातही तेच राहिले. वाचताना राखीव आणि संरक्षित सारखेच वाटतात ना? पण फरक मोठा. संरक्षित जंगलात जे मना केलेलं नाही ते करता येतं. राखीव जंगलात ज्याची परवानगी दिलेली नाही ते सगळंच मना. ग्रामवन हा तिसरा वर्ग, गावाच्या हाती देण्याचा, तो बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. जुन्या मध्यप्रांतात लोकांना घरगुती गरजेपुरतं लाकूड, बांबू, चराई यांची सोय असे. तिला निस्तार म्हणत. ती सोय हळूहळू आक्रसत गेली. बांबू मात्र बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जात होता. त्या पोराच्या वहीचा कागदही कदाचित तिथलाच असेल!

हाच शब्द १९३२ मध्ये अगदी दुसरं तोंड घेऊन आला. पुणे करार झाला आणि प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्य समाजासाठी १४८ जागा राखीव ठरल्या. आज आमच्याकडे चंद्रपूर विधानसभा अनुसूचित जातींसाठी आणि गडचिरोली अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

मास्तरणीची खोड म्हणा हवं तर, पण मला इथे व्याकरण दिसतं. जंगल राखलं ते लोकां'पासून'. जागा राखल्या त्या लोकां'साठी'. विशेषण एकच. पुढचं शब्दयोगी अव्यय बदललं की माणसाचं नशीब बदलतं. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना मी इतकंच सांगीन की रिझर्व्ड शब्द दिसला तर आधी विचारा, कोणापासून आणि कोणासाठी?

हे अव्यय बदलताना आपल्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतुकीचा परवाना लागेच. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत बांबू हे 'झाड' होतं. २०१७ मध्ये तो शब्द तिथून वगळला. एका शब्दासाठी नव्वद वर्षं!

आणि माणूस राखीव कसा असतो? कित्येक वर्षं मला वाटायचं की मराठी 'राखीव'ला हा लाक्षणिक अर्थच नाही. आपण अबोल म्हणतो, मितभाषी म्हणतो, भिडस्त म्हणतो. मग एक दिवस भाजी निवडता निवडता सुचलं, अरे, आपण 'हातचं राखून बोलतो' म्हणतोच की! तोच राखणारा धातू, तोच अर्थ. त्या दिवशी वर्गात एवढं सुचलं असतं तर मी त्या मुलाला म्हटलं असतं, "बाळा, तुझा अर्थ बरोबर आहे. हा माणूसही तसाच आहे, आपल्या मनाला हात लावू देत नाही."

पण मी हसले. तो त्या वर्षी पुन्हा कधी उत्तराला उभा राहिला नाही. वर्षाअखेर प्रगतिपुस्तकं भरताना त्याच्या नावापुढे मीच शेरा लिहिला: 'अबोल आहे. वर्गात भाग घेत नाही.'

असो.

काल मीच सूनबाईला फोन केला. म्हटलं, "परवा मी अर्थ सांगितला तो बरोबरच आहे. पण रात्री तिला जवळ घेऊन एकदा हळूच विचार, वर्गात कोणी हसलं होतं का गं तुला?"