कागदावर ‘जसाच्या तसा’ फोटो उतरत नसतो

छायाचित्रकारांमध्ये एक मत चांगलंच रुजलेलं आहे. एकाच दृश्याची कमी-अधिक एक्सपोजरची चित्रं जोडून केलेला एचडीआर फोटो टोन मॅपिंगने, म्हणजे उजेड-अंधारातलं अंतर आवळून, छापला, की तो खोटा झाला. कॅमेऱ्यातून निघाला तसाच छापला, तर तो खरा. यामागे सचोटीचा आग्रह आहे, म्हणून ते आदराने ऐकायला हवं. पण ते चूक आहे, आणि चूक त्याच्या मुळाशीच आहे.

वेरूळचं कैलास लेणं घ्या. भर दुपारी उघड्या अंगणात साधारण 1 लाख लक्स उजेड असतो. भोवतालच्या ओवऱ्यांत खोल आत गेलं की तो काही डझन लक्सवर येतो. म्हणजे फरक हजारो पटींचा. आता कागद पाहा. उत्तम ग्लॉसी कागदाचा पांढरा भाग त्यावरच्या गडद काळ्याच्या सुमारे 200 पट उजेड परत पाठवतो. मॅट कागदावर हे प्रमाण 40-50 पटींवर येतं, न्यूजप्रिंटवर जेमतेम 10-15 पटींवर. कागदाला स्वतःचा उजेड नाही. खोलीत जेवढा पडेल त्यातलाच तो परत देणार. तेव्हा हजारोंचं अंतर 200 किंवा 10 मध्ये बसवणं कुणालाही चुकलेलं नाही. टोन मॅपिंग नाकारणाऱ्याच्या फोटोतही ते झालेलंच असतं. फरक इतकाच, की तिथे ते कॅमेऱ्यात बसवलेल्या टोन कर्व्हने केलेलं असतं: आकाश पांढरंफटक, ओवरीतली शिल्पं काळ्यात बुडालेली. ही कर्व्ह कंपनीच्या अभियंत्यांनी ठरवलेली असते. याला हस्तक्षेपाचा अभाव कसं म्हणावं? हस्तक्षेप आहेच, फक्त तो दुसऱ्याचा आहे.

कुणी म्हणेल, 16 बिटची टिफ फाइल दिली की सगळा पल्ला टिकतो. तसं नाही. बिटांनी पायऱ्या बारीक होतात, जिन्याची उंची वाढत नाही. छटा फाटू नयेत म्हणून 16 बिट जरूर वापरावेत, पण कागदाचा काळा त्याने अधिक काळा होत नाही.

प्रतिपक्षाचा खरा आधार वेगळाच आहे. दृश्यातल्या उजेडाचं मोजमाप सरळ प्रमाणात कागदावर येणं म्हणजे सत्य, हे त्याचं गृहीतक. डोळा मात्र असं पाहतच नाही. संशोधक एडविन लँड आणि जॉन मॅककॅन यांनी 1971 मध्ये मांडलेला प्रयोग इथे निर्णायक आहे. काळ्या-पांढऱ्या-करड्या कागदांच्या फलकावर त्यांनी एका बाजूने असा उजेड टाकला, की दिव्याजवळचा काळपट कागद आणि दूरचा पांढरा कागद डोळ्याकडे सारखाच उजेड पाठवतील. तरीही पाहणाऱ्याला एक काळपट दिसला आणि दुसरा पांढराच. डोळा शेजारच्या छटांशी तुलना करून पाहतो. म्हणून ऊन आणि सावली यांच्यातलं मोठं अंतर कमी करून सावलीतल्या मूर्तीचा गाल आणि ओठ यांच्यातला बारीक फरक जपणारी छपाई, लेण्यात उभ्या राहिलेल्या माणसाने जे पाहिलं त्याच्या अधिक जवळ जाते.

‘हे संगणकाचं खूळ आहे, जुने लोक असं करत नसत’ हा आक्षेप तर इतिहासापुढे टिकतच नाही. 1850 च्या दशकात निगेटिव्हसाठी वापरलं जाणारं कलोडियन निळ्या उजेडाला फार संवेदनशील होतं. समुद्र नीट आला की आकाश जळून जाई. म्हणून छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी त्याच दशकात समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडून प्रिंट काढले. छायाचित्रकार अॅन्सल अॅडम्स यांची झोन सिस्टिम म्हणजे कुठली छटा कागदावर कुठे बसवायची याचा आधीच केलेला विचार. 1941 च्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या फोटोचं आकाश त्यांनी पुढच्या प्रिंटांत अधिकाधिक गडद केलं, निगेटिव्ह तीच असताना. आणि 2002 मध्ये संशोधक एरिक राइनहार्ड व सहकाऱ्यांनी जी प्रसिद्ध टोन मॅपिंगची पद्धत मांडली, ती याच झोन सिस्टिमवर आणि डार्करूममधल्या डॉजिंग-बर्निंगवर, म्हणजे प्रिंटचा एखादा भाग उजळ किंवा गडद करण्यावर, उभी आहे.

एक तक्रार मात्र रास्त आहे. कळसाभोवती उजळ प्रभावळ, ढगांना शिशाचा रंग, प्रत्येक दगड सारखाच खरखरीत, असे फोटो आपण सर्वांनी पाहिलेत. तो दोष स्थानिक कॉन्ट्रास्ट बेसुमार वाढवण्याचा आहे. दोन उजेडांच्या सीमेवर हिशेब चुकला की प्रभावळ उमटते. त्यावरून छटा आवळण्याची क्रियाच खोटी ठरत नाही.

आज हा वाद फोनपर्यंत पोचला आहे. अॅन्ड्रॉइड 14 पासूनच्या अल्ट्रा एचडीआर फाइलमध्ये एक साधं चित्र असतं, आणि सोबत कुठे किती उजळायचं याचा नकाशा. लॅबमध्ये छापताना तो नकाशा बाजूला पडतो, उरतं ते साधं चित्र. स्क्रीनवर झगमगणारा फोटो कागदावर मलूल दिसतो तेव्हा दोष लॅबवर जातो. पण ते साधं चित्र फोनच्या सॉफ्टवेअरने आवळलेलं असतं, कागद कुठला याचा पत्ता नसताना.

म्हणून क्रम असा हवा: आधी कागद ठरवावा, मग एक्सपोजर जोडून झालेल्या 32 बिटच्या मूळ एचडीआर फाइलवरून त्या कागदापुरतं टोन मॅपिंग करावं, त्याच्या रंग-प्रोफाइलनुसार स्क्रीनवर प्रूफ पाहावं, आणि मगच छपाईची फाइल काढावी. आर्ट पेपरची फाइल वर्तमानपत्राला देऊ नये. आणि स्पर्धांच्या नियमांत ‘फोटोवर प्रक्रिया केली का’ हा प्रश्न न ठेवता, दृश्यात नसलेलं काही घातलं किंवा असलेलं काढलं का, एवढंच विचारावं.