वाईन टूरचा प्लॅन आणि मामांची दोन एकर शिराझ

तर झालं असं, की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच विषय चालू आहे. फेब्रुवारीत नाशिकला वाईन टूर. सात जण, दोन दिवस, पुण्याहून दोन गाड्या. माझं आजोळ दिंडोरी तालुक्यातलं, त्यामुळे ‘प्लॅन तू कर’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

मी आधी मामांना फोन केला. म्हटलं, एक रात्र तुमच्याकडे राहू का?

“या की सगळे. त्यात विचारायचं काय?” मामा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “आपली वाईनची बाग होती तेव्हा मात्र कोणी आलं नाही गं बघायला.”

मामांची दोन एकर शिराझ होती. २००५ साली लावली, २०१० साली उपटली. मामा माळकरी आहेत, आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. तरी पाच वर्षं त्यांनी वाईनची द्राक्षं पिकवली. का लावली आणि का उपटली, हे सांगायचं तर नाशिकच्या वाईनचा सगळा इतिहास सांगावा लागतो. म्हणून ग्रुपसाठी प्लॅन लिहायला बसले आणि ही पोस्ट झाली. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी फेब्रुवारीच का, ते सांगते. युरोपात द्राक्षतोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. तिथे कडाक्याच्या थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो तसा झोपतच नाही. म्हणून आपले शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यात काडी तयार होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. दख्खनच्या वेलाची ही खोड तेव्हापासून माहीत आहे. आज शेतकरी दोनदा छाटतो, पण पीक एकच घेतो. तर तोडणी आणि गाळप चालू असलेलं बघायचं असेल तर जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात डोंगर छान दिसतात, पण वेलावर घड नसतो.

पुण्याहून निघालो की पहिला थांबा नारायणगाव. माझ्या ग्रुपला वाटतं तो मिसळीचा थांबा आहे. आहेच. पण इथून जुन्नर पंधराएक किलोमीटरवर आणि पुढे नाणेघाट, सातवाहनांच्या काळातली व्यापाराची वाट. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भरूच बंदरात काय काय उतरतं याची यादी आहे. त्यात वाईन आहे, आणि इटलीच्या वाईनला जास्त पसंती होती असंही लिहिलंय. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर ही आपली दोन गावंही आहेत. नेवासा आणि तेरच्या उत्खननांत अँफोरा, म्हणजे वाईन भरून आणायचे दोन कानांचे उंच मातीचे कुंभ, त्यांचे तुकडे सापडले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही महाराष्ट्रात वाईन येत होती, फक्त बाहेरून.

इथे बनवून बाहेर पाठवायचा मोठा प्रयत्न झाला तोही याच नारायणगावात. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी इथे इंडेजचा कारखाना काढला. फ्रान्सच्या पायपर-हायडसिककडून तंत्र घेतलं आणि ‘ओमर खय्याम’ नावाची फसफसणारी वाईन परदेशात विकली. ज्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, ज्या राज्यात आजही कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो, त्या राज्यातून शॅम्पेनसारखी वाईन युरोपात जात होती. हा विरोधाभास लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

नारायणगाव सोडलं की संगमनेर, सिन्नर आणि मग नाशिक.

नाशिकच्या द्राक्षशेतीची सुरुवात १९२५ साली ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांच्यापासून सांगतात. ही द्राक्षं खायची. पुढे धरणं झाली, पाटाचं पाणी आलं, थॉमसन सीडलेस आली. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि द्राक्ष युरोपला जायला लागलं. माझ्या आजोळी लहान मुलंसुद्धा भुरी आणि डाऊनी ओळखतात. सांगायचा मुद्दा हा, की वाईन आली तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याला द्राक्ष शिकवायला कोणाची गरज नव्हती. वेल सांभाळायची अक्कल तीन पिढ्यांची होती.

१९९९ मध्ये राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. अमेरिकेत शिकून, तिथे नोकरी करून परत आलेला माणूस, घरची जमीन गंगापूर धरणाजवळ. कॅलिफोर्नियाचे वाईनतज्ज्ञ केरी डॅम्स्की मदतीला. २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली. २००५ मध्ये तिथे टेस्टिंग रूम उघडली आणि ‘नाशिकला वाईन प्यायला जाऊ’ हे वाक्य मराठी घरांत पहिल्यांदा उघडपणे बोललं जायला लागलं. आज सुलाचे शेअर बाजारात आहेत. हे यश खरं आहे आणि त्याचं कौतुक करायलाच हवं.

पण मामांनी शिराझ लावली ती सुला बघून नाही. त्यांनी लावली सरकारकडे बघून.

२००१ मध्ये, विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. नाव नीट वाचा. ‘वाईन’ नाही, ‘द्राक्ष प्रक्रिया’. राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाईनवर उत्पादन शुल्क माफ, परवाने सोपे, आणि दोन वाईन पार्क, एक आपल्या निफाड तालुक्यात विंचूरला, दुसरं सांगलीत पलूसला. मांडणी अशी होती, की खायच्या द्राक्षाचा भाव पडला की शेतकरी मरतो, म्हणून त्याला दुसरी वाट हवी. मांडणी चुकीची नव्हती. धडाधड वायनऱ्या निघाल्या. काही तर शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन, कर्ज काढून काढल्या.

मामांकडे असेच एका वायनरीचे लोक आले होते. ती वायनरी छोटी होती, आज बंद आहे, नाव लिहून उपयोग नाही. करार झाला. रोपं त्यांनी सांगितली ती, भाव आधी ठरलेला, माल शंभर टक्के उचलणार. मामांनी थॉमसनचा जुना प्लॉट काढला. अँगल, तार, ठिबक, सगळ्यासाठी सोसायटीचं कर्ज. गावात लोक हसले. माळ घालतो आणि दारूची द्राक्षं लावतो म्हणून. मामांचं उत्तर ठरलेलं असायचं, “ऊस लावणाऱ्याला कोणी विचारतं का, मळीचं काय होतं म्हणून?”

पहिले दोन हंगाम चांगले गेले. मला आठवतंय, पहाटे तोडणी व्हायची, ऊन चढायच्या आत क्रेट गाडीत. मी दोन मणी तोंडात टाकले होते. गोड खूप, पण साल जाड आणि आत बिया. खायला मजा नाही.

ही गोष्ट टूरला जाणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी. खायचं द्राक्ष मार्केटला नाही गेलं तर बेदाणा होतो. पैसे कमी मिळतात, पण मिळतात. वाईनच्या द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईकच नाही. मणी बारीक, बीचे. बाजारात कोणी हात लावत नाही. म्हणजे वायनरीने माल उचलला नाही तर त्या दिवशी त्या द्राक्षाची किंमत शून्य. मोठं गुंतवणुकीचं पीक आणि एकच गिऱ्हाईक. जोखीम सगळी बांधाच्या अलीकडे.

२००८ मध्ये जगात मंदी आली. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेलं ओस पडली, आणि आपली वाईन तेव्हा खपायची ती मुख्यतः हॉटेलांतच. टाक्या भरलेल्या, त्यात नवीन तोडणी आली. वायनऱ्यांनी उचल कमी केली, भाव पाडले, काहींनी गेटच उघडलं नाही. ‘ओमर खय्याम’वाली इंडेजही कर्जात बुडून बंद पडली. नाशिक जिल्ह्यात शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटल्या. मामांनी २०१० च्या एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या वेळी, कात्रीऐवजी जेसीबी बोलावला. शेवटच्या वर्षाचे पैसे त्यांना आजतागायत मिळालेले नाहीत. सोसायटीचं कर्ज मात्र पुढची सहा वर्षं फेडलं.

यात कोणी एक खलनायक नव्हता. मंदी सरकारने आणली नाही, वायनरीनेही नाही. पण धोरण करताना कारखान्याला शुल्कमाफी लिहिली गेली, आणि कारखान्याने माल नाही उचलला तर शेतकऱ्याचं काय, याची सोय बघितली गेली नाही. ज्याच्या नावाने धोरण आलं त्यालाच त्यात संरक्षण नव्हतं.

आता २०२२ आठवा. २७ जानेवारीला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये आणि वॉक-इन स्टोअरमध्ये वाईन विकायला परवानगी. कारण काय दिलं? शेतकऱ्याचं उत्पन्न. मग दोन महिने राज्यात काय गदारोळ झाला! एकीकडून ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’, दुसरीकडून ‘मद्यराष्ट्र’. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. टीव्हीवर रोज संस्कृतीची चर्चा. शेवटी तो निर्णय प्रत्यक्षात आलाच नाही.

माझं मत विचाराल तर वाईन ही दारूच आहे. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, उगाच सरबत म्हणू नये. आणि घरात दारूने माणूस गेलेल्या बायांचा विरोध मी कधीच हसण्यावारी नेणार नाही. पण त्या दोन महिन्यांत मी वाट बघत होते की कोणीतरी विचारेल, करार कसे असतात? पैसे किती दिवसांत मिळतात? माल नाकारला तर दाद कुठे मागायची? बाजूने बोलणारे शेतकऱ्याचं नाव घेत होते, विरोधातले त्याच्या संस्कृतीचं. हे प्रश्न चर्चेत ऐकू आले नाहीत.

आजची परिस्थिती २०१० पेक्षा बरी आहे, हेही सांगायला हवं. टिकलेल्या काही मोठ्या वायनऱ्या शेतकऱ्यांशी बऱ्याच वर्षांचे करार करतात, आणि ते शेतकरी समाधानी आहेत. मामांच्याच शिवारात दोघं आहेत. नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन आहे. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के सरकार वायनरीला प्रोत्साहन म्हणून परत देतं. माझी मागणी साधी आहे. ही सवलत जनतेच्या पैशातून आहे, तर तिला एक अट जोडा. शेतकऱ्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिल्याचा दाखला आणा, मग परतावा घ्या. उसाला एफआरपीसाठी आपण भांडतो, मग वाईनच्या द्राक्षाला का नाही?

बरं, आता प्लॅन. ग्रुपवाले वाट बघतायत.

पहिला दिवस : पहाटे पुणे सोडायचं, नारायणगावला मिसळ, दुपारी नाशिक. संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्या. सुला आणि यॉर्क जवळजवळच आहेत. शनिवार-रविवार प्रचंड गर्दी असते, म्हणून आपण गुरुवार-शुक्रवार जातोय. टूरमध्ये टाक्या, पिंपांची खोली, मग टेस्टिंग. हलक्या पांढऱ्यापासून सुरुवात करून शेवटी लाल. प्रत्येक ग्लास संपवायलाच हवा असं नाही. थोडा घोट घेऊन बाकी ओतून द्यायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात लाजू नका. मुक्काम मामांकडे. तिथे बाटली उघडायची नाही, हे आत्ताच सांगते.

दुसरा दिवस : सकाळी मामांच्या थॉमसनच्या प्लॉटवर. मग दिंडोरी भागातली शाँदों बघायची. घोटी-इगतपुरीकडे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने आहेत, पण ते मुंबईवाल्यांच्या वाटेवर, आपल्याला उलटं पडतं. दोन्ही गाड्यांना ड्रायव्हर ठरवलेत. यावर चर्चा नाही.

आणि एक काम सगळ्यांना. टेस्टिंगवाला वास कसा घ्यायचा, रंग कसा बघायचा हे छान सांगतो. तो थांबला की विचारायचं, ही द्राक्षं कुठल्या गावची? स्वतःची की कराराची? शेतकऱ्याला पैसे कधी मिळतात? भांडायचं नाही, साधं विचारायचं. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्या वेळी उत्तर तयार असेल.

काल मामांना सगळा प्लॅन वाचून दाखवला. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “शिराझ प्याल ना, तर कशी लागते ते सांग. पाच वर्षं पिकवली, पण कोणी सांगितलंच नाही.”

नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, कुठेही ज्यांच्या घरी २००१ ते २०१० मध्ये वाईनची द्राक्षं होती, त्यांनी खाली लिहा. किती एकर, काय करार, पुढे काय झालं. वायनरीचं नाव नको. ही माहिती एकत्र झाली तर पुढच्या धोरणाच्या वेळी समोर ठेवायला आपल्याकडे काहीतरी असेल.