भरणदाब मापक

डीझेल एंजिनाच्या सिलिंडरांत संपीडकाने दाबून भरलेल्या हवेचा दाब बाहेरच्या वातावरणाच्या दाबापेक्षा किती अधिक आहे, हे दर्शविणारे उपकरण. वाहनचालक त्यास ‘बूस्ट गेज’ या नावाने ओळखतात. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंच्या शक्तीने एक लहान टरबाइन फिरते व त्याच दंडावर बसविलेला संपीडक ताजी हवा दाबून आत पाठवितो. या जोडयंत्रास टर्बोचार्जर व या क्रियेस अतिभरण म्हणतात [⟶ डीझेल एंजिन]. मापकाचा काटा टर्बोचार्जरची अवस्था सांगतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः एंजिनावर त्या क्षणी किती भार पडला आहे, हे तो प्रथम सांगतो व टर्बोचार्जरची अवस्था त्यावरून अनुमानाने कळते. हा भेद लक्षात न घेतल्याने निरोगी एंजिने खोलली जातात व आजारी एंजिने घाटात नेली जातात.

भार व घाट : सह्याद्री चढणाऱ्या मालाचा हिशेब ठेवण्याची गरज फार जुनी आहे. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील घाटघर हे गाव नाणेघाटाच्या माथ्याशी, जीवधन किल्ल्याजवळ वसले आहे (अकोले तालुक्यातील जलविद्युत् प्रकल्पाचे घाटघर याहून वेगळे). सातवाहन काळात कल्याण व सोपारा ही बंदरे आणि जुन्नर, पैठण ही देशावरील नगरे यांमधील व्यापार या घाटाने चाले. घाटातील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांच्या संख्या त्यात अंकचिन्हांनी नोंदविल्या असून भारतीय अंकचिन्हांच्या प्राचीन पुराव्यांत त्याची गणना होते. माथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते.

मालाची मोजदाद अशी होत असली, तरी तो वाहणाऱ्या जनावरावरील ताण मोजण्यास उपकरण लागत नसे. बैलाचा श्वास, घाम व त्याचे थबकणे तांड्याबरोबर चालणाऱ्या माणसास दिसे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून लोहमार्ग गेला आणि अवजड वाहतूक अशा बांधीव मार्गांकडे वळली. नाणेघाट आजही पाऊलवाटच आहे. कल्याणहून मोटारीने घाटघरला यावयाचे, तर मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून जुन्नरकडे वळावे लागते व तेथून चावंड किल्ल्याच्या बाजूने पुन्हा पश्चिमेकडे घाटमाथ्यावर यावे लागते. या चढावर गाडीचा श्वास बैलाच्या श्वासासारखा उघड दिसत नाही. भरणदाब मापक ही उणीव काही अंशी भरून काढतो.

अतिभरणाचा इतिहास : रूडोल्फ डीझेल यांच्या एंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ मध्ये झाली. साधे डीझेल एंजिन दट्ट्याच्या प्रत्येक शोषण-धावेत ठराविक घनफळाची हवा आत घेते. ती हवा विरळ असेल, तर तिच्याबरोबर जाळता येणारे इंधनही कमी होते. स्विस अभियंते आल्फ्रेट ब्यूखी यांनी निष्कास वायूंतील वाया जाणारी ऊर्जा हवा दाबण्यासाठी वापरण्याच्या कल्पनेचे एकस्व १९०५ मध्ये मिळविले. ही कल्पना व्यवहारात उतरण्यास सु. वीस वर्षे लागली. ‘प्रॉइसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांवरील दहा-सिलिंडरी डीझेल एंजिनांची शक्ती अतिभरणाने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधील झाउरर कंपनीने मालमोटारीसाठी अतिभरित एंजिन बनविले.

उंचीचा परिणाम अमेरिकेतील एका प्रयोगाने ठळकपणे सिद्ध झाला होता. सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर लिबर्टी विमान-एंजिनाची चाचणी घेतली. सपाटीवर सु. ३५० अश्वशक्ती देणारे हे पेट्रोल एंजिन शिखरावर सु. २३० अश्वशक्तीच देऊ शकले. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ अश्वशक्तीपर्यंत पोहोचले.

१९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीची अतिभरित डीझेल गाडी पहिल्या स्थानावरून सुटली. ७१ फेऱ्यांनंतर मात्र तिला माघार घ्यावी लागली. टायरांच्या रबराचा चुरा हवेच्या वाटेत साचून टर्बोचार्जर कोंडला होता. हवेची वाट अडली की भरणदाब पडतो, इंधन अर्धवट जळते व धूर वाढतो. वाहनाच्या दैनंदिन वापरात हीच घटना धुळीने भरलेल्या हवागाळणीमुळे संथपणे घडते.

महाराष्ट्रातील प्रसार : पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स हा कारखाना १९४६ मध्ये निघाला. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स कंपनी तेथेच स्थापन झाली व मोठ्या शक्तीच्या डीझेल एंजिनांचे उत्पादन सुरू झाले. १९६० नंतरच्या दशकात भारतीय रेल्वेवर आलेल्या ‘डब्ल्यूडीएम-२’ या २,६०० अश्वशक्तीच्या एंजिनगाड्या अतिभरित होत्या. त्यांच्या देखभालीत भरणहवेचा दाब ही नित्य तपासण्याची बाब बनली. रस्त्यावरील वाहनांत हा बदल उशिरा आला. टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ पासून बनविलेल्या मालमोटारींची एंजिने अतिभरणाविना चालत व कित्येक दशके महाराष्ट्रातील घाट अशाच गाड्यांनी पार केले. खालच्या गिअरमध्ये रखडत चढणे, वाटेत थांबून पाणी निवविणे हा त्या प्रवासाचा भागच होता. टाटा व कमिन्स यांची संयुक्त कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली. २००० पासून प्रदूषणाचे निर्बंध क्रमाने कडक होत गेले आणि नव्या डीझेल वाहनांत टर्बोचार्जर सार्वत्रिक झाला.

अतिभरित डीझेल एंजिनांवर बेतलेल्या निवासी मोटारगाड्यांना, म्हणजे कॅराव्हॅनना, महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाने उत्तेजन दिले. मालमोटार कधी भरलेली तर कधी रिकामी धावते. निवासी गाडीचा भार मात्र बव्हंशी कायम असतो : खाटा, स्वयंपाकाचा ओटा, विद्युत् घटमाला आणि २०० लि. पाणी भरल्यास त्याचेच २०० किग्रॅ. वजन. शिवाय गाडी अनेकदा हौशी चालकाच्या हाती असते. एंजिनाच्या आवाजावरून ताण ओळखण्याची घाटातील व्यावसायिक चालकाची सवय त्याला नसते. म्हणून अशा गाडीत या मापकाचे महत्त्व विशेष आहे.

रचना व एकके : जुन्या यांत्रिक मापकात बूर्दाँ नळी असते. ही वक्र, चपटी धातूची नळी आतील दाबाने किंचित सरळ होते व तिच्या हालचालीने काटा फिरतो. एंजिनाच्या हवा-नलिकेपासून मापकापर्यंत बारीक नळी आणलेली असते. नव्या गाड्यांत विद्युत् संवेदक दाब मोजतो. दाब बार, दर चौ. सेंमी.ला किग्रॅ. किंवा दर चौ. इंचास पौंड या एककांत दिलेला असतो. १ बार म्हणजे दर चौ. इंचास सु. १४.५ पौंड. काही अंकीय मापक वातावरणाचा दाब धरून एकूण म्हणजे निरपेक्ष दाब दाखवितात. एंजिन बंद असताना काटा शून्यावर असेल, तर मापक सापेक्ष होय. तो एक बारच्या आसपास असेल, तर निरपेक्ष होय. ही खात्री केल्याशिवाय दोन गाड्यांच्या वाचनांची तुलना व्यर्थ ठरते.

वाचनाची रीत : पुढील वाचने सापेक्ष मापकाची आहेत. एंजिन नुसते चालू असताना काटा शून्याजवळ राहतो. सपाट रस्त्यावर मध्यम वेगाने जाताना तो थोडाच वर येतो. पूर्ण भाराने चढ चढताना आधुनिक व्यापारी एंजिनांत तो सामान्यतः १ ते १.५ बार किंवा त्याहून वर जातो. नेमकी कमाल मर्यादा प्रत्येक एंजिनाची वेगळी असून ती निर्मात्याच्या पुस्तिकेवरूनच घ्यावी. प्रवेगक दाबल्यावर काटा क्षणभर मागे रेंगाळतो. टरबाइनास वेग घेण्यास वेळ लागतो, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. सपाटीवर दाब कमी दिसणे हा दोष नव्हे. भारच कमी असल्याने निष्कास वायूंत टरबाइन जोराने फिरविण्याइतकी ऊर्जा त्या वेळी नसते. म्हणून एंजिनाची परीक्षा ओळखीच्या चढावर, पूर्ण भाराने व ठराविक गिअरमध्येच करावी.

उंचीचाही हिशेब ठेवावा लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सु. १,०१३ मिलिबार असतो. नाणेघाटाच्या माथ्याइतक्या, म्हणजे सु. ८०० मी. उंचीवर तो सु. ९२० मिलिबार होतो. अतिभरणरहित एंजिन येथे सु. नऊ टक्के हवा गमावते. सापेक्ष मापकाने कल्याणजवळ व घाटमाथ्यावर सारखाच १ बार दाब दाखविला, तरी सिलिंडरात जाणाऱ्या हवेचा निरपेक्ष दाब अनुक्रमे सु. २.०१ व १.९२ बार असतो. ज्या एंजिनाचा विद्युत् नियंत्रक निरपेक्ष दाब कायम राखतो, त्यात माथ्यावर सापेक्ष वाचन किंचित वाढलेले दिसेल. ती वाढ बिघाड नव्हे.

मापक हवेचे तापमान सांगत नाही, हीदेखील त्याची मर्यादा आहे. ३५° से. तापमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत संपीडित केली असता ती सु. १२०° ते १३०° से. पर्यंत तापते व प्रसरणामुळे विरळ होते. तिला सु. ६०° से. पर्यंत थंड करणारा शीतक जाळीतील माती-पानांनी कोंडला, तर काटा बरोबर असूनही एंजिनास हवा कमी मिळते. म्हणून पाण्याच्या तापमानाचा काटा व शक्य असल्यास निष्कास वायूंचा तापमापक यांच्या जोडीनेच भरणदाब वाचावा.

दोषनिदान : पूर्ण भारावर दाब नेहमीपेक्षा कमी असेल, तर धूर पाहावा. काळा धूर येत असल्यास इंधन पुरेसे असून हवा अपुरी आहे. रबरी नळ्यांचे सांधे व पट्टे, शीतक, हवागाळणी आणि दाब मर्यादित ठेवणारी बगल-झडप यांची तपासणी करावी. धूर नसताना गाडी मंद होत असेल, तर दोष बहुधा इंधनाच्या बाजूस असतो. इंधनगाळणी तुंबल्याने ज्वलन मंदावते, निष्कास वायूंची ऊर्जा घटते व दाब पडतो. अशा वेळी टर्बोचार्जर बदलणे हा निष्फळ खर्च होय. जुन्या एंजिनांच्या इंधनपंपावर भरणदाब वाढेपर्यंत इंधन रोखून धरणारी पटलाची योजना असे. तिची बारीक नळी फुटली, तरी हीच लक्षणे दिसत. दाब मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर बगल-झडप अडकली आहे किंवा इंधन अवाजवी जात आहे असे समजावे व भार ताबडतोब कमी करावा. दाब कमी आणि निष्कास वायू अतितप्त ही सर्वांत घातक जोडी होय. तिच्यात दट्टे व झडपा जळण्याचा संभव असतो. चढावर खालचा गिअर घेतल्यास एंजिनाचे फेरे वाढून पाण्याच्या पंपास व पंख्यास वेग मिळतो आणि प्रत्येक शक्ति-धावेवरील भार घटतो.

उतारावर मापक जवळजवळ मुका होतो. प्रवेगक सोडल्यावर काटा शून्यावर येतो. यावरून एंजिन विसावले इतकेच कळते. तापणाऱ्या ब्रेकांविषयी तो काहीही सांगत नाही. माळशेज घाटातून खाली येताना चालकाने या काट्यावर विसंबू नये. खालच्या गिअरमध्ये एंजिनाच्या रोधानेच वेग आवरावा.

सद्यःस्थिती : एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’ निकषांच्या वाहनांत भरणदाबाचे नियमन विद्युत् नियंत्रक करतो. दोष आढळल्यास तो एंजिनाची शक्ती आपोआप कमी करतो व इशाऱ्याचा दिवा लावतो. पुष्कळ वाहनांच्या फलकावर स्वतंत्र मापक नसला, तरी निदान-जोडणीतून हा आकडा वाचता येतो. दिवा लागतो तो बिघाड झाल्यावर. दाबातील हळूहळू होणारी घट मात्र नोंदींवरूनच कळते. गाडी सुस्थितीत असताना एकाच चढावर, सारख्या भाराने व सारख्या गिअरमध्ये मिळालेले वाचन तारीख घालून लिहून ठेवावे. पुढील प्रत्येक वाचनाचा अर्थ त्या नोंदीशी ताडूनच लावता येतो.